दूध टाकणं, उलटी आणि आतड्याचा दोष: सव्वा महिन्याच्या बाळाच्या निमित्ताने

प्रश्न धायरीच्या एका कुटुंबाचा आहे. पहिलाच मुलगा, नुकताच सव्वा महिन्याचा झालाय. बाळंतपण भोरला, त्याच्या आईच्या माहेरी झालं. जन्मापासून पाजल्यावर थोडं दूध टाकायचा, ते कुणी मनावर घेतलं नाही. गेल्या तीन दिवसांत मात्र जवळजवळ दर वेळी पाजल्यावर उलटी होते आणि ती लांब उडते. वडील लिहितात, "परवा समोर बसलेल्या मावशीच्या साडीवर गेली." शी चार-पाच दिवसांतून एकदा. आजीचं म्हणणं, बाळसं धरणारी सगळीच मुलं दूध टाकतात, गुटी सुरू करा. आईला मात्र चैन नाही. त्यात एका नातेवाइकाने 'आतड्याचा जन्मजात दोष असेल' असं म्हणून ठेवलं. हे दोष ओळखायचे कसे आणि दवाखाना कधी गाठायचा, असं विचारलंय.

आधी तुमच्या मुलापुरतं सांगतो. त्याला आजच बालरोगतज्ज्ञांकडे न्या. सोमवारची ओपीडी, गुरुवारची सोनोग्राफीची अपॉइंटमेंट असं करू नका. पहिला मुलगा, पाचवा-सहावा आठवडा, लांब उडणारी पांढरी उलटी, आणि तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात ते, की उलटी झाल्यावर लगेच पुन्हा भुकेने रडतो. एवढ्यावरून आम्ही लहान मुलांचे सर्जन पायलोरिक स्टेनोसिसचा विचार करतो.

जठराच्या खालच्या तोंडाशी, जिथून दूध लहान आतड्यात उतरतं, तिथे स्नायूंचं एक कडं असतं. काही बाळांत ते जन्मानंतर जाड होत जातं आणि वाट अरुंद होते. म्हणून ही बाळं पहिले दोन-तीन आठवडे अगदी छान असतात आणि मग बिघडतात. साधारण दुसऱ्या ते आठव्या आठवड्यातला हा आजार. मुलींपेक्षा मुलांत चौपट, आणि पहिल्या अपत्यात अधिक. नेमकं का होतं याचं एकच एक कारण नाही. घराण्यात कुणाला झालेलं असेल तर शक्यता वाढते, आणि पहिल्या दोन आठवड्यांत बाळाला एरिथ्रोमायसिन हे औषध मिळालं असेल तरीही वाढते. भोरच्या डिस्चार्ज कार्डावर काय औषधं लिहिलीत ते बघून ठेवा.

तपासणी सोपी आहे पण धीराची. बाळाला आईच्या मांडीवर पाजायला सांगतो, पोट उघडं ठेवतो आणि बाजूला बसतो. दूध आत जाताना वरच्या पोटावर डावीकडून उजवीकडे एक लाट सरकताना दिसते. बाळ शांत असेल तर बरगडीखाली उजवीकडे बोराएवढी टणक गाठ हाताला लागते. लागली तर निदान तिथेच होतं. नाही लागली तर सोनोग्राफी, आणि ती लहान बाळांच्या सोनोग्राफीची सवय असलेल्या रेडिऑलॉजिस्टकडून. स्नायूची जाडी 3 मिलिमीटरच्या वर गेली की आम्ही सावध होतो. जाताना दूध जवळ ठेवा, कारण पाजता पाजताच जठराचं तोंड उघडतंय की नाही ते नीट दिसतं.

निदान पक्कं झालं तरी ऑपरेशन त्याच रात्री होत नाही, आणि इथे नातेवाइकांचा संयम सुटतो. "डॉक्टर, आजार सापडलाय तर थांबलात कशाला?" थांबतो ते याच्यासाठी. उलट्यांमधून जठरातलं आम्ल वाहून जातं, रक्तातलं क्लोराइड आणि पोटॅशियम उतरतं आणि रक्त क्षारधर्मी होतं. अशा बाळाला भूल दिली तर ऑपरेशननंतर श्वास मंदावण्याचा, थांबण्याचा धोका असतो. म्हणून सलाईनमधून मीठ-पाणी भरून काढायचं, लघवी नीट सुरू झाली की पोटॅशियम द्यायचं, रक्ताचा रिपोर्ट जागेवर आला की भूलतज्ज्ञांचा होकार घ्यायचा. यात एक दिवस जातो, कधी दोन. ऑपरेशन स्वतः अर्ध्या-पाऊण तासाचं. जाड झालेला स्नायू उभा चिरायचा, आतलं अस्तर शाबूत ठेवायचं, बस. कॉनराड रामस्टेट या जर्मन सर्जनने 1912 च्या सुमारास रूढ केलेली हीच पद्धत आजही चालते. दुर्बिणीतून केलं काय किंवा बेंबीजवळच्या छोट्या छेदातून केलं काय, आत करायचं तेच. काही तासांत दूध सुरू होतं. पहिले एक-दोन दिवस थोडी उलटी झाली तर घाबरायचं नाही. हा आजार एकदा सुटला की सुटला.

आता आजींचं. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, ते वेगळ्या बाळांबद्दल आहे. बाळ दूध टाकतं कारण अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप अजून सैल असते. चौथ्या महिन्याच्या आसपास हे सगळ्यात जास्त असतं आणि वर्षा-सव्वा वर्षापर्यंत बहुतेकांचं आपोआप थांबतं. अशा बाळाच्या ओठांच्या कडेने दूध ओघळतं, खांद्यावरचं फडकं ओलं होतं, बाळ मात्र मजेत हसत असतं. आणि वजन वाढत असतं. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅम वाढ आम्हाला हवी असते. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात थोडं वजन उतरतं, ते दहा-चौदा दिवसांत भरून येतं आणि मग वाढतच राहायला हवं. एकाच काट्यावर, कपडे काढून, आठवड्याने वजन करा. वजनाचा आकडा आणि दिवसभरात ओले होणारे लंगोट, या दोन गोष्टी मला पालकांच्या दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतात. सहाहून कमी लंगोट ओले होत असतील, टाळू खोल गेली असेल, बाळ मलूल असेल, तर उलटी लांब उडो की न उडो, दवाखाना गाठायचा.

उलटी किती झाली हे घरचे लोक तपशिलाने सांगतात. "एवढं पातेलंभर काढलं डॉक्टर." मला त्याआधी रंग ऐकायचा असतो. पायलोरिक स्टेनोसिसची उलटी पांढरी, फाटलेल्या दुधाची असते, कारण अडथळा पित्त मिसळण्याच्या जागेच्या वर आहे. पित्त त्याच्या खाली आतड्यात येतं. म्हणजे उलटी हिरवी असेल तर अडथळा त्या जागेच्या खाली असण्याची शक्यता आहे. नवजात बाळाची हिरवी उलटी ही, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत, सर्जनची केस. याला मी अपवाद करत नाही.

यातला सगळ्यात भीतीदायक आजार म्हणजे मालरोटेशन आणि त्यातून बसणारा आतड्याचा पीळ. गर्भाच्या सहाव्या आठवड्यात आतडं इतकं भराभर वाढतं की पोटात मावत नाही, ते नाळेत बाहेर येतं. दहाव्या आठवड्याच्या सुमारास परत आत शिरतं आणि शिरताना एकंदर 270 अंशांचा फेरा घेऊन ठरल्या जागी बसतं. मागच्या भिंतीला त्याचा पडदा लांब, रुंद पायाने चिकटतो, त्यामुळे ते स्थिर राहतं. हा फेरा अर्धवट राहिला तर पडद्याचा पाया अगदी अरुंद राहतो आणि त्याच अरुंद देठातून जवळजवळ सगळ्या लहान आतड्याचा रक्तपुरवठा जातो. कधीतरी आतडं त्या देठाभोवती फिरतं. पीळ बसला की रक्त थांबतं, आणि मग हिशोब तासांचा असतो.

हा दोष फसवा आहे. बाळ दहा-बारा दिवसांचं होईपर्यंत उत्तम दूध पितं, बारसं होतं, पेढे वाटले जातात, आणि एका दुपारी अचानक हिरवी उलटी होते. सुरुवातीला पोट फुगलेलंही नसतं. साधा एक्स-रे चक्क नॉर्मल दिसू शकतो. म्हणून 'एक्स-रे चांगला आहे, घरी जा' एवढ्यावर मी समाधान मानत नाही. रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीत रक्तवाहिन्यांचा भोवरा दिसतो का, किंवा नळीतून एक्स-रेवर दिसणारं रंगद्रव्य सोडून ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग) नीट वळण घेतं का, हे बघितल्याशिवाय बाळ सोडायचं नाही. मुलाची प्रकृती खालावलेली असेल तर तपासण्यांच्या मागेही लागायचं नाही, थेट ऑपरेशन टेबल. बॉस्टनच्या विल्यम लॅड यांनी 1936 मध्ये वर्णन केलेली शस्त्रक्रिया आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते: पीळ उलट दिशेने सोडवायचा, अडकवणारे पट्टे कापायचे, पडद्याचा पाया रुंद करायचा, लहान आतडं उजवीकडे आणि मोठं डावीकडे ठेवून द्यायचं. अपेंडिक्स बहुधा काढून टाकतो, कारण ते आता भलत्या जागी असतं आणि पुढे दुखलं तर कुणाला ओळखू येणार नाही. पोट उघडल्यावर काळंनिळं आतडं पीळ सोडवल्यावर हळूहळू गुलाबी होतं, तेव्हा ऑपरेशन थिएटरमधली सगळी माणसं एकदम बोलायला लागतात. काही वेळा होत नाही.

जुन्नरकडच्या एका आजी मला पक्क्या लक्षात आहेत. नातवाला उलटी झाल्यावर त्यांनी दुपटं धुवायला टाकलं नाही, घडी करून पिशवीत घातलं आणि बसमधून सोबत आणलं. ओपीडीच्या टेबलावर त्यांनी ते उलगडलं. पांढऱ्या सुती कापडावर हिरवट डाग, कडेला सुकून गडद झालेला. केसपेपर तयार होईपर्यंत आम्ही थिएटरला फोन केला होता. तुम्हीही तेच करा. पांढऱ्या कापडावर उलटी बघा आणि कापड घेऊन या. रात्री दोन वाजता पिवळ्या दिव्याखाली काढलेला व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो बघून हिरवं की पिवळं हे मलाही सांगता येत नाही. एक खुलासा: पहिल्या तीन-चार दिवसांत आईचा चीक पिवळा असतो, तो तसाच बाहेर आला तर पिवळट दिसतो आणि ते ठीक आहे. शंका असेल तर ती दाखवून दूर करायची, घरात बसून नाही.

तुमच्या बाळाची उलटी पांढरी आहे हे पत्रात स्पष्ट आहे, म्हणून मालरोटेशनची भीती आत्ता बाजूला ठेवू. पण उद्या रंग बदलला तर पाजणं तिथेच थांबवा आणि निघा.

शी चार-पाच दिवसांतून एकदा, याचं उत्तर लांबवतो, कारण त्यातच घरोघरी घोळ होतो. केवळ आईच्या दुधावर असलेलं बाळ महिनाभराचं झाल्यावर पाच-सात दिवस शी करत नाही, हे पूर्ण नॉर्मल असू शकतं. आईचं दूध इतकं पचतं की मागे फारसं उरत नाही. अट एवढीच की पोट मऊ असावं, शी झाली की मऊ पिवळी असावी, वजन वाढत असावं. तुमच्या मुलाच्या बाबतीत आणखी एक शक्यता आहे: दूध खाली उतरतच नसेल तर शी होणार कुठून? पायलोरिक स्टेनोसिसच्या बाळांना शी कमी होते ती यामुळे.

पण मला तुमच्याकडून आणखी एक गोष्ट हवी आहे, आणि ती भोरच्या कार्डावर किंवा बाळाच्या आईच्या आठवणीत असेल: पहिली काळी चिकट शी कधी झाली? पूर्ण दिवसांच्या जवळजवळ सगळ्या बाळांना ती 48 तासांत होते, बहुतेकांना पहिल्या 24 तासांतच. ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी झाली असेल, किंवा काहीतरी घालून करवावी लागली असेल, तर हर्शस्प्रुंग आजाराची तपासणी व्हायलाच हवी. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हर्शस्प्रुंग यांनी 1886 मध्ये बर्लिनच्या सभेत बद्धकोष्ठाने दगावलेल्या दोन बाळांची माहिती मांडली, तेव्हापासून हे नाव आहे. साधारण 5000 जन्मांमागे एका बाळाला हा दोष असतो, मुलांत चौपट. आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशी गर्भावस्थेत वरून खाली सरकत जातात. वाटेत थांबल्या तर शेवटचा भाग पेशींविना राहतो. तो भाग सैल पडत नाही, म्हणून शी पुढे सरकत नाही आणि वरचं चांगलं आतडं फुगत जातं. पोट उघडल्यावर फुगलेला भाग आजारी वाटतो आणि खालचा बारीक भाग बरा. प्रत्यक्षात उलटं असतं.

आता विड्याच्या पानाचा देठ. आपल्याकडे बाळाला शी झाली नाही की देठ एरंडेलात बुडवून गुदद्वारात फिरवतात, काही घरी साबणाची वडी. हर्शस्प्रुंगच्या बाळात हा देठ घातला की जोरात वायू आणि पातळ शी बाहेर उडते, पोट बसतं, सगळ्यांना वाटतं काम झालं. तीन-चार दिवसांनी पुन्हा देठ. असे महिने जातात. मग दीड-दोन वर्षांचं मूल येतं: हातपाय काड्या, पोट नगारा, आणि आई सांगते, "याला लहानपणापासून देठ लागतो." हे एक वाक्य ऐकलं की मी पुढचे बरेच प्रश्न वाचवतो. देठाने कधी नाजूक अस्तराला इजाही होते, पण माझा मुख्य आक्षेप तो नाही. देठाने निदान लांबतं हा आहे.

लांबण्याची किंमत मोठी असते, कारण या आजारात आतड्याला सूज येऊन विषबाधेसारखी अवस्था होऊ शकते. ताप, टम्म पोट, आणि दुर्गंधीयुक्त पातळ जुलाब. जुलाब बघून घरचे, कधी डॉक्टरही, हगवण समजून तेवढेच उपचार करत बसतात. ज्या बाळाला आधी बद्धकोष्ठ होतं आणि आता पोट फुगून जुलाब होताहेत, त्याला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यायचं. निदान पक्कं होतं ते बायोप्सीने. गुदाशयाच्या आतून कणभर तुकडा घेतात, लहान बाळात बहुधा टाकाही लागत नाही, आणि पॅथॉलॉजिस्ट चेतापेशी आहेत का ते शोधतो. चेतापेशी नसलेला भाग काढून चांगलं आतडं खाली आणून जोडायचं, ही शस्त्रक्रिया ऑर्व्हर स्वेन्सन यांनी 1948 मध्ये मांडली. आता अनेक बाळांत ती पूर्णपणे गुदद्वाराच्या वाटेने होते, पोटावर व्रणही राहत नाही. नंतरचे काही महिने दिवसातून आठ-दहा वेळा शी आणि लाल झालेली कातडी यांत आईचा जीव मेटाकुटीला येतो, ते आधीच सांगतो. झिंकचं मलम, प्रत्येक वेळी पाण्याने धुणं आणि कोरडं ठेवणं. हळूहळू बसतं.

गुटीचं म्हणाल तर, सहाणेवर उगाळलेलं काहीही सहा महिन्यांच्या आत नको. मधही नको, वर्षभर तरी नको, त्यातल्या जिवाणूंच्या बीजांपासून बाळांना बॉट्युलिझम ही स्नायू लुळे पाडणारी विषबाधा होऊ शकते. ग्राइप वॉटरने आतड्याचा पीळ सुटत नाही. आणि फुगलेल्या पोटावर डागण्या देण्याचा प्रकार दुर्गम भागांत अजून दिसतो, त्यावर मी वाद घालत नाही, फक्त सांगतो की आतला अडथळा बाहेरच्या चटक्याने हलत नाही आणि कातडी मात्र भाजते.

शीच्या रंगाबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी लिहितो, कारण 36 दिवसांच्या बाळाच्या घरी हे वेळेत कळलं पाहिजे. बाळाची कावीळ चौदा दिवसांनंतरही राहिली, तर बिलिरुबिनची (काविळीच्या रंगद्रव्याची) रक्ततपासणी, एकूण आणि डायरेक्ट अशी दोन्ही, करायची. 'आईच्या दुधाची कावीळ आहे, उन्हात धरा' हा सल्ला सर्रास मिळतो. तशी कावीळ असते, आणि ती निरुपद्रवी असते. त्यात शी पिवळीधमक आणि लघवी पाण्यासारखी असते. पण लंगोटाला लघवीचा पिवळा डाग पडत असेल आणि शी फिकट, मातकट किंवा खडूसारखी होत असेल तर पित्त आतड्यात उतरतच नाही. ही बिलियरी अट्रेसिया असू शकते. यकृताबाहेरच्या पित्तनलिका बंद झालेल्या असतात आणि साठलेलं पित्त यकृताला आतून खात असतं. जपानच्या सेंदाईमधल्या मोरिओ कसाई यांनी 1950 च्या दशकात शोधलेल्या शस्त्रक्रियेत आतड्याची वळी थेट यकृताच्या दाराशी जोडतात. ती साठ दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता बरीच चांगली असते. नव्वद दिवसांनंतर येणाऱ्या बाळांत ती खूप घटते आणि मग यकृत प्रत्यारोपणाशिवाय फारसं हातात राहत नाही. वेळेत ही शस्त्रक्रिया होऊनही काहींना पुढे प्रत्यारोपण लागतं, हे लपवत नाही. तैवानमध्ये 2004 पासून प्रत्येक बाळाच्या आरोग्य पुस्तिकेत शीच्या रंगांचं कार्ड असतं. आपल्याकडे आईने नाही तर आजीने रोज लंगोट बघावा.

बाकीचे दोष भराभर सांगतो, कारण ते जन्मल्याबरोबर प्रसूतीगृहातच कळायला हवेत आणि तुमचं बाळ त्या टप्प्याच्या पुढे आलंय. अन्ननलिका वरच बंद असेल तर बाळाच्या तोंडातून सतत फेस येतो, पहिल्या पाजण्याला ठसका लागून बाळ निळं पडतं, आणि नाकातून घातलेली नळी 10 सेंटिमीटरच्या आसपास अडते. याचं एका बैठकीत यशस्वी ऑपरेशन पहिल्यांदा 1941 मध्ये अमेरिकेत कॅमेरॉन हेट यांनी केलं. आता हे बाळ वेळेत आलं आणि वजन बरं असलं, हृदयाचा मोठा दोष सोबत नसला, की बहुतेक वेळा वाचतं. ड्युओडेनम बंद असेल तर एक्स-रेवर हवेचे दोन फुगे दिसतात. अशा बाळांपैकी साधारण एकतृतीयांशांना डाउन सिंड्रोम असतो. गुदद्वार नसणं किंवा चुकीच्या जागी असणं हेही 5000 मागे एक. मुलींमध्ये शी येते म्हणून सगळं ठीक समजलं जातं आणि छिद्र भलतीकडेच असतं, म्हणून जन्मल्यावर बाळाला उलटं करून बघणं हा प्रत्येक नर्सच्या सवयीचा भाग हवा. आल्बेर्तो पेन्या यांनी 1980 मध्ये या दोषाची मागच्या बाजूने उघडून करायची शस्त्रक्रिया सुरू केली, तेव्हापासून या मुलांची शाळेतली वर्षं बरीच सुकर झाली.

"पण सोनोग्राफी तर सगळ्या नॉर्मल होत्या!" हे प्रत्येक बाप म्हणतो, तुम्हीही लिहिलंय. गर्भातल्या सोनोग्राफीत ड्युओडेनमचा अडथळा किंवा पोटाबाहेर आलेलं आतडं दिसतं. गर्भजल फार वाढलं असेल तर अन्ननलिकेचा संशय येतो. मालरोटेशन आणि हर्शस्प्रुंग सहसा दिसत नाहीत, आणि पायलोरिक स्टेनोसिस तर तेव्हा झालेलाच नसतो. रेडिऑलॉजिस्टला दोष देऊ नका. सुनेलाही नको. ग्रहणात भाजी चिरली, पपई खाल्ली, असल्या चौकशा घरात सुरू झाल्या असतील तर त्या आजच बंद करा. तिला झोप आणि जेवण हवंय.

पुढे सात-आठ महिन्यांचा झाल्यावर लक्षात ठेवायचा एक आजार: आतडं आतड्यात शिरणं. चांगलं खेळतं मूल एकाएकी पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, दोन मिनिटांनी शांत आणि फिकं पडतं, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. शीत रक्तमिश्रित लाल चिकट आव दिसते ती उशिरा, तिची वाट बघायची नाही. लवकर आलं तर गुदद्वारातून हवा किंवा सलाईन दाबाने सोडून, सोनोग्राफी किंवा एक्स-रेवर बघत, आतडं मागे सरकवता येतं आणि बहुतेकांचं ऑपरेशन टळतं. रोटाव्हायरसच्या लशीनंतर हा धोका किंचित वाढतो असं वाचून काही पालक लस टाळतात. धोका अगदी थोडा, जुलाबापासूनचं संरक्षण त्याहून किती तरी मोठं. लस सहाव्या आठवड्यात सुरू होते, तुमच्या मुलाची वेळ आलीच आहे. उलट्यांचा प्रश्न मिटला की डॉक्टरांना विचारून घ्या.

आता निघताना. धायरीहून संध्याकाळी सिंहगड रोडवर किती वेळ जातो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, म्हणून तीन दवाखाने फिरण्यापेक्षा आधी फोन करा. विचारायचं एवढंच: लहान मुलांचे सर्जन आहेत का, नवजात बाळांना भूल देणारे भूलतज्ज्ञ आहेत का, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) जागा आहे का. तिन्ही 'हो' असतील तिथे जा. पुण्याच्या ससून या सरकारी रुग्णालयात बालशल्यचिकित्सेचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे खर्चाचा प्रश्न कमी येतो. खाजगी रुग्णालयात जाणार असाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते आहे का ते विचारा आणि रेशनकार्ड, आधार, बाळाचा जन्माचा दाखला सोबत ठेवा. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या) टेबलावर ही कागदं लागतात. गाडीची सोय नसेल तर 108.

बाळाला टोपडं घाला, गुंडाळून न्या. पांढरी उलटी असेल तर वाटेत थोडं पाजलं तरी चालेल, पण रुग्णालयात पोहोचल्यावर डॉक्टर सांगेपर्यंत पुढचं पाजणं थांबवा. आजवरची वजनं तारखेसह एका कागदावर लिहा, शेवटचा लंगोट कधी ओला झाला ते लिहा. आणि प्रवासात बाळाला आईजवळ उभं धरा. घरी झोपवताना मात्र पाठीवरच झोपवायचं. दूध टाकतो म्हणून पालथं घालायचा सल्ला कुणी दिला असेल तर तो मानू नका.